निंबाखाली थांबलेला माणूस

२०२३ च्या फेब्रुवारीत मी गावी गेले होते, चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं म्हणून, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवात बसल्या बसल्या कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी आली की देवीसिंह शेखावत गेले. पुण्यात. २४ तारीख होती. मांडवातल्या अर्ध्या पोरांना हे कोण ते माहीत नव्हतं, मग कुणीतरी सांगितलं अरे प्रतिभाताईंचे मिस्टर, तेव्हा सगळे अच्छा अच्छा म्हणाले आणि परत आपापल्या कामाला लागले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मात्र हातातला अडकित्ता खाली ठेवला. "आपले जावई गेले," एवढंच म्हणाले आणि उठून मळ्याकडे निघून गेले, भर उन्हात.

बाहेरच्या माणसाला हे जावई प्रकरण कळायचं नाही कदाचित. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील मूळच्या नाडगावच्या, बोदवड तालुका, जळगाव जिल्हा. जळगावला शाळा, तिथेच मूळजी जेठा कॉलेजात एमए, टेबल टेनिस खेळायच्या, मग मुंबईला जाऊन लॉ केलं आणि जळगावच्या कोर्टात वकिली सुरू केली. म्हणजे लेक आमची. आणि खान्देशात एका घरची लेक ही गावाची लेक असते, तिचा नवरा आला की तो गावाचा जावई, त्याच्यासाठी खापरावरचे मांडे होणार, आखाजीला आमरस होणार, त्याला कुणी काम सांगणार नाही आणि त्याच्यासमोर कुणी मोठ्याने भांडणारही नाही. आप्पा शेखावतांना आयुष्यात कधी भेटले नव्हते. तरी जावई.

पण आप्पा उठून का गेले ते मला माहीत होतं, आणि ते जावईपणामुळे नव्हतं फक्त.

२००५ ला आमच्या ग्रामपंचायतीचं सरपंचपद बाईसाठी सुटलं. तेव्हा ५० टक्के आरक्षण यायचं होतं, ते २०११ ला आलं, तेव्हा एक तृतीयांश होतं आणि आमच्या गावाचा नंबर लागला. लोक घरी आले ते आप्पांना विचारायला. वहिनींचा फॉर्म भरा म्हणाले. माय तेव्हा स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरी थापत होती, तिला सगळं ऐकू येत होतं, पण तिला विचारायला आत कुणी आलं नाही, आप्पा पण नाही. आप्पा सोसायटीचे दोन वेळा चेअरमन राहिलेले, केळीची बाग चांगली, माणसं जोडून, त्यामुळे गावाच्या हिशेबात सरपंच आप्पाच होणार होते, फक्त नाव मायचं लागणार होतं. आप्पांच्या स्वतःच्या हिशेबातही तसंच होतं. मी हे लपवणार नाही, त्यांनीही कधी लपवलं नाही.

पहिल्या दोन मासिक सभांना आप्पा मायच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. दुसऱ्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, कुणीतरी मायला विचारलं की वरच्या आळीला पाणी एक दिवसाआड का येतं, आणि उत्तर आप्पांनी दिलं. चांगलं उत्तर होतं म्हणे. व्हॉल्व्ह, मोटारीचं एचपी, लोडशेडिंग सगळं समजावून सांगितलं, लोकांचं समाधान झालं, भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, प्रोसिडिंग बुकात लिहून घेतलं आणि मायपुढे सहीला ठेवलं. रात्री मायने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि म्हणाली, उद्यापासून सही पण तुमीच करत जा, मी शेतात जात जाईन, तिथे निदान मजुरांना काय सांगायचं ते मी सांगते.

त्यानंतर आप्पा पंचायतीच्या खोलीत गेले नाहीत. पाच वर्षं. मायला गाडीवर बसवून घेऊन जायचे, पंचायतीसमोर निंबाचं मोठं झाड आहे त्याच्या पारावर बसायचे, तिची मीटिंग संपली की परत घेऊन यायचे. तालुक्याला गेले तरी तेच, बाहेर चहाच्या टपरीवर. एका कार्यालयातल्या साहेबांनी त्यांना शिपायाकरवी आत बोलावणं धाडलं होतं, की तुम्ही येऊन बसा म्हणजे विषय लवकर संपेल, तर आप्पांनी निरोप दिला की विषय सरपंचांकडे आहे, माझ्याकडे गाडीची किल्ली आहे.

हे चालू असतानाच २००७ आलं. २५ जुलैला शपथविधी, आमच्या घरात टीव्हीसमोर ही गर्दी, कारण गावाची सरपंच बाई आणि देशाची राष्ट्रपती पण बाई आणि ती पण आपल्या जिल्ह्याची, म्हातारे लोक रडत होते अक्षरशः. मायचं माहेर एदलाबाद तालुक्यातलं, आता मुक्ताईनगर म्हणतात, ताई १९६७ पासून १९८५ पर्यंत सलग तिथून आमदार होत्या, त्यामुळे मायला तर ताई म्हणजे घरातलंच माणूस, लहानपणी प्रचाराच्या जीपमागे पळालेली ती. आणि त्या दिवसांत पेपरांत एक चर्चा फार रंगली होती. बाई राष्ट्रपती झाली तर तिला राष्ट्रपतीच म्हणायचं का? आणि तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं? इंग्रजी पेपरांना सोपं होतं, फर्स्ट लेडीचं त्यांनी फर्स्ट जंटलमन केलं. आपल्याकडे झालं 'राष्ट्रपतींचे पती'. हा शब्द मी तेव्हा दहा वेळा तरी मनात म्हणून बघितला असेल. राष्ट्रपती, सभापती, सेनापती, या सगळ्यातला पती म्हणजे मालक, धनी, आणि नवरा या अर्थाचा पती पण तिथूनच आला. म्हणजे आपल्या भाषेनेच आधी ठरवून टाकलंय की नवरा असणं म्हणजे कशाचा तरी धनी असणं. मग राष्ट्राची धनीण ज्याची बायको आहे तो माणूस कशाचा धनी? आणि आमच्याकडे तर सरपंचपती हा शब्द रुळलेलाच होता, तो कुठल्याच कायद्यात नाही पण तालुक्यात प्रत्येकाला माहीत, लोक लग्नपत्रिकांवर छापायला लागले होते.

आप्पांनी त्या दिवसांत शेखावतांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मला पुण्याहून येताना कात्रणं आणायला सांगायचे. त्यातून जे कळलं ते मला आजही विलक्षण वाटतं, आणि त्याबद्दल मराठीत कुणी नीट बसून लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

बघा, लग्न झालं ७ जुलै १९६५ ला. ताई पहिल्यांदा आमदार झाल्या १९६२ ला, २७ व्या वर्षी. म्हणजे शेखावतांनी लग्न केलं ते आमदार मुलीशी. १९६५ मध्ये! माझ्या आत्याचं लग्न त्याच्या आसपासचं, तिला मुलगा दाखवलाही नव्हता. आणि पुढचं तर आणखी भारी आहे. लग्न होऊन ताई गेल्या अमरावतीला, विदर्भात, आणि निवडून येत राहिल्या खान्देशातून, एदलाबादमधून, चार वेळा. आपल्याकडे लेक सासरी गेली की माहेरच्या पाण्याच्या भांडणात सुद्धा तिने बोलायचं नसतं, आणि ही सासरी गेली आणि माहेराची आमदार राहिली, पुढे मंत्री झाली. अमरावतीच्या घरातून कुणीतरी दर वेळी म्हटलं असेलच ना, की जा, तुझे लोक वाट बघताहेत. भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणारी गाडी दिसली की मला आता हे आठवतं, ती गाडी किती वेळा पकडली असेल त्या बाईने, आणि घरी पोरांजवळ कोण बसलं असेल.

तिच्या नावाकडे पण बघा. प्रतिभा देवीसिंह पाटील. मधे नवरा आणि शेवटी माहेर. आपल्याकडे लग्न झालं की मधलं आणि शेवटचं दोन्ही बदलतं, बाईचं नाव अर्ध्याहून जास्त पुसलं जातं, आणि इथे नवरा बापाच्या आडनावाला टेकून मधे उभा आहे. राष्ट्रपती भवनात जे नाव गेलं त्यात शेखावत नव्हतं. आणि योगायोग असा की २००७ च्या निवडणुकीत समोर उमेदवार होते भैरोसिंह शेखावत, उपराष्ट्रपती, दोन्ही शेखावत घराणी मूळची राजस्थानातल्या सीकरकडची. म्हणजे नवऱ्याचं आडनाव समोरच्या बाजूला आणि नवरा बायकोच्या बाजूला.

आणि हा माणूस काही रिकामा नव्हता. रसायनशास्त्रात पीएचडी, मुंबई विद्यापीठाची, १९७२ ची. कॉलेज चालवलं. १९८५ ला अमरावतीतून आमदार. मग अमरावतीचे पहिले महापौर. ज्याला स्वतःला सभागृहात बोलायची सवय आहे, ज्याच्या पुढ्यात फायली आल्यात, तो पाच वर्षं देशाच्या सगळ्यात मोठ्या घरात राहिला आणि त्याला तिथे कामच नव्हतं. घटनेत राष्ट्रपतींच्या जोडीदाराबद्दल काही लिहिलेलं नाही, त्याला शपथ नाही, पगार नाही, अधिकार नाही. परदेश दौरा असला की विमानाच्या जिन्यावर दोघं दिसायचे, आप्पा तेवढा फोटो निरखून बघायचे, कितव्या पायरीवर उभे आहेत ते. मला वाटायचं काय बघतात एवढं. ते शिकत होते.

२००९ च्या नोव्हेंबरात ताई पुण्यातून सुखोईत बसल्या, ७४ व्या वर्षी, लढाऊ विमानात, जी-सूट घालून. सगळ्या देशाने ताईंकडे बघितलं. आप्पा म्हणाले घरच्या माणसाच्या पोटात काय झालं असेल.

इथपर्यंत मी ही गोष्ट बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. ऑफिसात, मैत्रिणींना. माझे वडील बघा किती वेगळे, पाच वर्षं बायकोसाठी निंबाखाली बसले. लोकांचे डोळे भरून यायचे. आणि मग एकदा मी हेच मायसमोर कुणाला तरी सांगत होते, तर माय शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुझी आत्या वीस वर्षं चुलीपाशी बसली, तिला कुणी म्हटलं का वं, किती समजूतदार बाई?"

मला काही सुचलंच नाही.

आमच्या आत्याचे मिस्टर, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, तालुक्यातले पुढारी होते. घरी रोज तीस-चाळीस माणसं चहाला, निवडणूक असली की जेवायला, रात्री अकराला गाडी आली तरी आत्या उठून वरण-बट्टी करायची. मामा जेलमध्ये गेले एकदा आंदोलनात, तेव्हा बाग तिने सांभाळली, बँकेच्या माणसाला तिने तोंड दिलं, आणि मामा सुटून आले तेव्हा मिरवणुकीत ट्रॅक्टरवर ती नव्हती, ती घरी मिरवणुकीतल्या लोकांसाठी भरीत करत होती. ती कुठे थांबली होती हे आम्ही कधी विचारलं नाही कारण ती जिथे होती तीच तिची जागा असं आम्ही धरून चाललो होतो. आप्पा बाहेर बसले तर ती गोष्ट झाली. आत्या आयुष्यभर आत बसली तर तो स्वयंपाक झाला.

तेव्हापासून मी पुढाऱ्यांच्या बायकांबद्दल वेगळ्या नजरेने वाचायला लागले. कस्तुरबा घ्या. आपल्याला शाळेत काय शिकवलं, तर बा म्हणजे बापूंची सावली. सावली कशी म्हणायची? ही बाई १९१३ ला दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह करून तीन महिने सक्तमजुरी भोगून आलेली. चंपारणमध्ये खेड्यातल्या बायकांत जाऊन राहिलेली. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधीजींना पकडलं आणि संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत मी बोलेन म्हणून उभी राहिली ती बा, आणि बोलायला निघाली म्हणूनच तिला पकडलं. मग आगाखान पॅलेस, आणि तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला गेली, कैदेतच. मी पुण्यात असताना कितीदा त्या समाधीपाशी गेलेय. बाहेर नगर रोडचं ट्रॅफिक चालू असतं आणि आत ती.

आणि आमच्या घराला तर एक फैजपूरचं पण देणं आहे. फैजपूर आमच्यापासून बैलगाडीच्या अंतरावर. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, धनाजी नाना चौधरींनी अंगावर घेतलेलं, साने गुरुजी गावोगाव हिंडत होते, नंदलाल बोसांनी बांबूने सगळं नगर सजवलं होतं, आणि अध्यक्ष पंडित नेहरू, त्यांना बैलांच्या रथातून नेलं. आमची पणजी बघायला गेली होती. तिला भाषणातलं एक अक्षर कळलं नाही, ते हिंदीत, पण घरी आल्यावर ती एकच गोष्ट सांगायची म्हणे, की आम्ही बायका एकमेकींना विचारत होतो, यांची बायको कुठेय.

बायको नव्हती. दहाच महिने झाले होते. कमला नेहरू २८ फेब्रुवारी १९३६ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला गेल्या, क्षयाने. नेहरू अल्मोड्याच्या तुरुंगात होते, बायको जास्त आजारी म्हणून १९३५ च्या सप्टेंबरात सुटले आणि थेट तिच्याकडे गेले. तिकडे असतानाच काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, परत यायचा दिवस ठरला, डॉक्टर म्हणाले थोडे दिवस थांबा, आणि त्याच थांबलेल्या दिवसांत ती गेली. परत येताना वाटेत बगदादहून त्यांनी लंडनच्या प्रकाशकाला तार केली, की माझं आत्मचरित्र आता नसलेल्या कमलाला अर्पण. एवढा मोठा लिहिणारा माणूस, आणि बायकोसाठी चार शब्द तारेने. मी नेहरूंना दोष देत नाहीये, त्यांनी पुढे तिच्याबद्दल फार मनापासून लिहिलं. पण १९३० मध्ये सगळे पुरुष जेलमध्ये असताना अलाहाबादच्या बायकांना रस्त्यावर आणणारी, १९३१ च्या पहिल्या दिवशी स्वतः अटक झालेली ती बाई, गेली तेव्हा ३६ वर्षांची, ती कार्यकर्ती होती हे कितीजणांना माहीत आहे? फैजपूरच्या मैदानावर आमच्या पणजीने जे विचारलं ते मला त्या अख्ख्या अधिवेशनातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कुठल्याही ठरावापेक्षा. बाकी सगळे जो आला होता त्याच्याकडे बघत होते, या बायका जी आली नव्हती तिला शोधत होत्या.

मायचं बोलणं ऐकल्यावर मला आप्पांचं कौतुक कमी वाटायला लागलं का? नाही. पण ते आता वेगळ्या ठिकाणी बसलं. आप्पांनी पाच वर्षं जे केलं ते त्यांच्या बहिणीने वीस वर्षं केलं होतं, आणि आप्पांना तर बाहेर पारावर गार सावली होती, गप्पा मारायला माणसं होती, चार लोक मान द्यायचे. शेखावतांनाही मान होता, महाल होता. तरी मला वाटतं शेखावतांसारखा माणूस त्या जागी येणं गरजेचं होतं, कारण पुरुष तिथे उभा राहिला तेव्हाच आम्हाला ती जागा दिसली. आधी ती जागा आहे हेच कुणाला दिसत नव्हतं, तिथे फक्त बायका होत्या.

तर त्या रात्री, २४ तारखेच्या, मांडवातली सगळी झोपल्यावर आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. मळ्याकडून गार वारा येत होता, फेब्रुवारीत आमच्याकडे दिवसा तापतं पण रात्री अजून घोंगडी लागते. आप्पा दुपारपासून गप्पच होते. मग त्यांनीच विषय काढला, की ते गेले, आता ताई एकट्या, ५७ वर्षांची सोबत, पाच वर्षं त्या माणसाने एक वाकडा शब्द येऊ दिला नाही कुठे स्वतःहून बोलून. आपण तेवढं तरी केलं, म्हणाले.

माय म्हणाली, "एक दिवस नव्हतं करायचं."

"कोणता?"

"अविश्वासाचा."

तिसऱ्या वर्षी मायवर अविश्वास ठराव आणला होता, गावठाणातल्या एका अतिक्रमणाला तिने नोटीस काढली म्हणून. तहसीलदार आले होते, खोलीचं दार लावून बैठक, आत नऊ सदस्य, त्यातले बरेच फुटलेले, सख्खा चुलत दीर समोरच्या बाजूला. ठराव पडला शेवटी. मायने तो किस्सा आम्हाला कायम पडल्याचाच सांगितला होता, आतलं काही सांगितलं नव्हतं. त्या रात्री म्हणाली, माझे पाय थरथरत होते टेबलाखाली, मी दाराकडे बघत होते सारखी. त्या दिवशी तेवढं तुमी आत यायला पायजे होतं. कायदा बियदा राहू द्यायचा. शिपायाने बाहेर काढलं असतं तर काढलं असतं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आलो होतो."

"कुठे?"

"दारापर्यंत. कडीला हात लावला होता मी. तर आतून तुझा आवाज आला, तू नोटिशीचा नंबर आणि तारीख सांगत होती त्या साहेबाला, एकदम स्पष्ट. मग मी परत गेलो पारावर."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. सोळा वर्षांत हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं बहुतेक.

"मला नई सांगितलं कधी," म्हणाली.

"काय सांगायचं त्यात."

ती उठली, आतून घोंगडी आणून आप्पांच्या पायावर टाकली आणि तिथेच त्यांच्या बाजूला बसली, दिवा मालवायला मीच उठले.